जिव्हाग्रीं आणि अंतःकरणीं
शास्त्रवचनें मुखोद्गत करण्याच्या पुरातन परंपरेचा अल्प इतिहास

जुबिली महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाचा इतिहास सांगूं लागलें, म्हणजे पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, वेदी कोणाच्या देणगीनें उभी राहिली, या गोष्टी प्रथम आठवतात. आणि त्या आठवाव्या हें योग्यच आहे. परंतु दगडचुन्याच्या इमारतींच्या पूर्वींपासून ख्रिस्तसभेपाशीं एक ठेवा आहे. आणि इमारती पडल्या, जळल्या किंवा परक्यांच्या हातीं गेल्या, तरी तो हरपला नाहीं. तो ठेवा म्हणजे भाविकांच्या मुखीं वसणारें देवाचें वचन. पुस्तक चोरीस जातें, त्यास वाळवी लागते, राजाज्ञेनें तें जप्त होतें. पण जें मनांत उतरलें तें कोणास हिरावून घेतां येत नाहीं. या ठेव्याचा इतिहास आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों. यांत आमचा हेतु केवळ कुतूहल भागविण्याचा नाहीं. वाडवडिलांनीं जें तोंडानें जपलें, तें आपण कपाटांत ठेवून विसरत तर नाहीं ना, हा प्रश्न या निमित्तानें आपण सर्वांनीं स्वतःस विचारावा अशी आमची इच्छा आहे.

शास्त्राचीच शिकवण

मुखोद्गत करण्याची ही चाल मठवासीयांनीं किंवा पाद्र्यांनीं नव्यानें काढलेली नाहीं. ती खुद्द पवित्र शास्त्रांत आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस बजावतो कीं, देवाच्या आज्ञा हृदयांत असूं द्याव्या, मुलांच्या मनांवर बिंबवाव्या, आणि घरीं बसतां, मार्गानें चालतां, निजतां व उठतां त्यांविषयीं बोलत असावें. येथें पाठशाळेचा उल्लेख नाहीं. घर, वाट आणि अंथरूण हींच त्या अभ्यासाचीं ठिकाणें सांगितलीं आहेत, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

धन्य कुमारी मरियेनें एलिझाबेथच्या घरीं जें स्तुतिगीत गाइलें, त्यांत शमुवेलाची माता हन्ना हिच्या गीताचे पडसाद जागोजाग उमटले आहेत. जें पूर्वीं मनांत मुरलेलें होतें, तेंच परमानंदाच्या क्षणीं नवें होऊन मुखावाटे निघालें. प्रभु येशूनें क्रुसावर अखेरच्या वेदना सोसतांना बाविसाव्या आणि एकतिसाव्या स्तोत्रांचे शब्द उच्चारले. आणि अरण्यांत जेव्हां त्याची परीक्षा झाली, तेव्हां त्यानें सैतानास दिलेलीं तिन्ही उत्तरें अनुवादाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील आहेत. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर, भूक लागली असतां, ग्रंथाची गुंडाळी उलगडून वचन शोधण्यास अवकाश कोठला? तें अंतःकरणीं तयार होतें म्हणून ओठीं आलें.

परंतु याच प्रसंगीं एक इशाराही दडलेला आहे. त्या अरण्यांत सैतानानेंही एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार घेतला होता! तात्पर्य, शास्त्र पाठ असणें एवढ्यानेंच कोणी पुण्यवान ठरत नाहीं. पाठांतर आणि आचरण या दोन चाकांवरच हा गाडा चालतो. एक निखळलें कीं दुसरें व्यर्थ. ही खूणगांठ मनाशीं बांधून आपण पुढें जाऊं.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. अध्याय आणि वचनांचे अंक यांवरून शास्त्र ओळखण्याची आज आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, ते अंक आरंभापासूनच होते असें कित्येकांस वाटतें. वस्तुतः आज चालू असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभींची असून ती कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नांवें ओळखली जाते. आणि नव्या करारांतील वचनांचे आजचे अंक पॅरिसचे मुद्रक रॉबर्ट एस्तिएन यांनीं १५५१ सालीं प्रथम घातले. अर्थात् त्यापूर्वींच्या दीड हजार वर्षांतील ख्रिस्ती लोक सुटीं वचनें नव्हे, तर सबंध स्तोत्रें, सबंध पत्रें आणि सबंध दृष्टांत ध्यानांत ठेवीत असत.

अरण्यांतील पाठशाळा

या अभ्यासाची मोठी पाठशाळा इजिप्तच्या वाळवंटांत भरली. इ. स. २७० च्या सुमारास अंतोनी नांवाचा एक तरुण देवळांत गेला असतां मत्तयकृत शुभवर्तमानाचें वाचन चालू होतें. पूर्णत्व हवें असेल तर आपलें असेल नसेल तें विकून गोरगरिबांस द्यावें, असा प्रभूनें एका श्रीमंत तरुणास केलेला उपदेश त्याच्या कानीं पडला. तो आपल्यालाच उद्देशून आहे असें मानून अंतोनीनें वडिलार्जित जमीन सोडून दिली आणि तपश्चर्येचा मार्ग धरला. त्याचें चरित्र लिहिणारे संत अथनासियुस सांगतात कीं, वाचन होत असतां तो इतकें लक्ष देई कीं त्यांतील कांहींच वायां जात नसे, आणि पुढें स्मरणशक्तीच त्याच्यापाशीं ग्रंथांच्या जागीं झाली.

अंतोनी एकांतवासी होता. संत पाखोमियुस यानें चौथ्या शतकांत मठवासीयांचे समुदाय स्थापिले आणि त्यांस नियम घालून दिले. त्या नियमांप्रमाणें मठांत नव्यानें येणाऱ्या अडाणी माणसास आरंभींच वीस स्तोत्रें, अथवा प्रेषितांचीं दोन पत्रें, अथवा शास्त्राचा दुसरा एखादा भाग पाठ करण्यास देत. वाचतां येत नसेल तर त्यास वाचणें शिकावेंच लागे. आणि निदान नवा करार व स्तोत्रसंहिता यांतील पाठ ज्यास येत नाहीं असा एकही मनुष्य मठांत असूं नये, असा दंडक होता. शेतकरी, उंटवाले, मजूर असे हे लोक. ते चटया व टोपल्या विणीत आणि हात चालत असतां मुखानें स्तोत्रें म्हणत. काम हें प्रार्थनेच्या आड येत नव्हतें, कारण प्रार्थनेसाठीं पुस्तक हातीं धरण्याची गरज उरली नव्हती.

या अरण्यवासीयांपैकीं पांबो या साधूची गोष्ट पांचव्या शतकांतील इतिहासकार सॉक्रेटिस यानें नमूद करून ठेविली आहे. पांबोला अक्षरओळख नव्हती, म्हणून तो एका जाणत्याकडे स्तोत्र शिकावयास गेला. जाणत्यानें एकोणचाळिसावें स्तोत्र आरंभिलें. जिभेनें पाप घडूं नये म्हणून आपल्या वागणुकीवर पहारा ठेवण्याचा निश्चय त्याच्या पहिल्याच वचनांत आहे. तेवढें ऐकतांच पांबो उठला. हें आचरणांत आलें तर आपणांस पुरे आहे, असें म्हणून निघून गेला. सहा महिन्यांनीं गुरूनें विचारलें, इतके दिवस कां आला नाहींस? तेव्हां तो उत्तरला कीं, तें पहिलें वचनच अजून आचरणांत आलेलें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षें लोटल्यावर कोणीं तोच प्रश्न केला, तेव्हां एकोणीस वर्षांत तें वचन आपण कसेंबसें आचरूं शकलों, असें त्यानें सांगितलें. वाचकहो, पाठ करण्यास एक घटका आणि आचरण्यास एकोणीस वर्षें! या हिशेबानें पाहतां आपल्यापैकीं किती जणांस एक तरी वचन खरोखर येतें असें म्हणतां येईल?

त्याच अरण्यांत एवाग्रियुस या विद्वान् तपस्व्यानें खादाडपणा, कामवासना, लोभ, खेद, क्रोध, आळस, पोकळ कीर्तीची हांव आणि गर्व असे आठ दुष्ट विचार कल्पून त्यांतील प्रत्येकास तोंड देण्यासाठीं सुमारें ५०० शास्त्रवचनें निवडून एक ग्रंथ रचला. वैद्य जसा रोग पाहून औषध देतो, तसा त्यानें मोह पाहून वचनाचा प्रयोग सांगितला. प्रभूनें अरण्यांत जें केलें त्याचेंच हें शास्त्र झालें. त्यानंतर जॉन कासियन यानें इजिप्तच्या वडिलधाऱ्या साधूंचे संवाद लिहून ठेविले. त्यांत आबा इसाक असा उपदेश करतो कीं, सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभींची देवाच्या साहाय्याची याचना सुखांत, दुःखांत, कामांत, प्रवासांत अखंड मुखीं असावी. तीच याचना आजही ख्रिस्तसभेच्या नित्य प्रार्थनाविधीच्या आरंभीं म्हटली जाते.

मठांतून घरांत

ही रीत मठाच्या भिंतींच्या आंत कोंडून राहिली नाहीं. संत जेरोम ज्या बेथलेहेमांत राहिले, तेथून ३८६ च्या सुमारास धाडलेल्या एका पत्रांत असें वर्णन आहे कीं, नांगर धरणारा आलेलुया गातो, घामाघूम झालेला कापणी करणारा स्तोत्रांनीं आपला शीण घालवितो, आणि द्राक्षमळ्यांत काम करणारा दाविदाचीं गीतें म्हणतो. याच जेरोम यांनीं लेता नांवाच्या एका रोमन मातेस तिच्या लहान मुलीच्या शिक्षणाविषयीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. मुलीनें आधीं स्तोत्रें शिकावीं, मग नीतिसूत्रें, पुढें क्रमानें इतर ग्रंथ. आणि रोज नेमून दिलेला शास्त्राचा भाग आईस म्हणून दाखवावा, असें त्यांनीं सुचविलें. घर हीच पहिली शाळा आणि आई हीच पहिली शिक्षिका, हें तत्त्व इतकें जुनें आहे.

संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणें सर्व १५० स्तोत्रें एका आठवड्यांत म्हणून होत. ७८७ सालच्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेनें तर असें ठरविलें कीं, ज्यास स्तोत्रसंहिता पूर्णपणें अवगत नाहीं त्यास बिशप करूं नये. पण ज्यांस वाचतां येत नव्हतें, त्या सामान्य भाविकांचें काय? १५० स्तोत्रांच्या जागीं ते प्रभूची प्रार्थना अथवा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणूं लागले, आणि मण्यांवर मोजूं लागले. आपल्या रोझरीचा विस्तार असाच होत गेला. म्हणूनच तिला गरिबांची स्तोत्रसंहिता म्हणत असत. आणि तिच्यांत शास्त्र नाहीं असें कोण म्हणेल? प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायांतील. देवदूताचें व एलिझाबेथचें अभिवादन लूकच्या पहिल्या अध्यायांतील. दिवसांतून तीन वेळां घंटा वाजतांच म्हटली जाणारी देवदूताची प्रार्थना लूक आणि योहान यांच्या वचनांवरच उभी आहे. आपल्या निरक्षर आजीबाईंस आपण रोज शुभवर्तमान म्हणत आहों हें कदाचित् ठाऊक नसेल. पण त्या तें म्हणत होत्या खास.

घंटा आणि ओंवी

आतां आपण आपल्या किनाऱ्याकडे वळूं. ६ मे १५४२ रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. ते हातांत घंटी घेऊन रस्त्यांतून हिंडत आणि मुलांस व गुलामांस एकत्र जमवून प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, 'नमो मरिया' व दहा आज्ञा सुरावर म्हणवून घेत. पुढें दक्षिणेकडील मोतीकिनाऱ्यावर त्यांनीं या प्रार्थनांचें तामीळ भाषांतर करविलें, तें स्वतः पाठ केलें आणि कोळ्यांच्या वस्त्यांतून शिकविलें. १५४४ सालच्या जानेवारींतील त्यांच्या पत्रांतील एक गोष्ट विशेष मनन करण्यासारखी आहे. आजाऱ्यांच्या घरून इतकीं बोलावणीं येत कीं, सर्वत्र स्वतः जाणें त्यांस अशक्य झालें. तेव्हां त्यांनीं ज्यांस प्रार्थना पाठ होत्या अशीं मुलें पाठविलीं. मुलें रोग्याच्या घरीं जात, घरच्यांस व शेजाऱ्यांस गोळा करीत, सर्वांसह विश्वासांगीकार म्हणत आणि रोग्यास धीर देत. पाठांतर कशासाठीं, याचें याहून सुंदर उत्तर आमच्या वाचनांत नाहीं. मुलांनीं बक्षिसासाठीं पाठ केलें नव्हतें. शेजाऱ्याच्या खाटेजवळ उभें राहून म्हणण्यासाठीं केलें होतें.

याच्या पुढची पायरी फादर थॉमस स्टीफन्स यांनीं घातली. इंग्लंडांतील विल्टशायरचे हे येशूसंघीय धर्मगुरु १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास आले आणि १६१९ सालीं येथेंच निवर्तले. सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः साष्टींत काढलीं. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं आणि त्यांची जागा रिकामी राहिली होती. धर्मतत्त्वें शिकवितां तीं उत्तम आहेत, पण आमच्या भाषेंत एखादें पुराणही असतें तर बरें झालें असतें, अशी विनंति लोकांकडून झाल्याचें त्यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच सांगितलें आहे. त्या विनंतीचें फळ म्हणजे १६१६ सालीं राचोल येथें छापलेलें 'क्रिस्तपुराण'. 'पैलें पुराण' व 'दुसरें पुराण' असे त्याचे दोन भाग, आणि एकंदर ओंव्या १०,९६२. जुन्या करारांतील उत्पत्तीच्या कथेपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतचा इतिहास त्यांत मराठींत गाइला आहे.

हें शास्त्राचें शब्दशः भाषांतर नव्हे. ओंवीबद्ध कथन आहे. पण ओंवी निवडण्यांत त्या परदेशी धर्मगुरूनें आपल्या लोकांचें मर्म किती अचूक ओळखलें! जात्यावर, पाळण्याजवळ, कीर्तनांत मराठी माणसाच्या कानीं ओंवी पडलेलीच असे. तीन चरणांचें यमक आणि चौथा आखूड चरण यांमुळें ती एकदां ऐकली कीं मनांत बसते. रविवारीं व सणाच्या दिवशीं देवळांत आणि घरींही हें पुराण वाचलें जाई. एक जण वाची आणि अनेक जण ऐकून शिकत. पुस्तक एक असलें तरी ग्रंथ गांवभर होता.

१६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढें वारें फिरलें. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. १६५४ नंतर थेट १९०७ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षांहून अधिक काळ, हें पुराण छापलें गेलें नाहीं. तें जगलें हस्तलिखितांत आणि लोकांच्या मुखांत. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें. मंगळूरकडील ख्रिस्ती लोक १७८४ पासून टिपू सुलतानाच्या बंदिवासांत श्रीरंगपट्टणास असतां याच ओंव्यांनीं त्यांचा विश्वास तगला, असें त्यांची परंपरा सांगते.

नागासाकीची साक्ष

मुखोद्गत वचनाचें सामर्थ्य किती, याची सर्वांत मोठी साक्ष जपानांत मिळते. आणि तिचा धागा आपल्या वसईशीं जुळलेला आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. १६१४ सालीं संपूर्ण जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पाद्री देशोधडीस लागले किंवा मारले गेले. १६४४ नंतर एकही उरला नाहीं. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, देऊळ नाहीं, आणि घरांत एखादें पुस्तक किंवा क्रूस सांपडला तर जिवावरचा प्रसंग.

अशा स्थितींत खेड्यांतील शेतकरी व कोळी यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एक जण सणावारांचा हिशेब ठेवी, एक जण बाप्तिस्मा देई. आणि प्रार्थना बापाकडून मुलास तोंडानेंच मिळत. असें सात पिढ्यांहून अधिक चाललें. १७ मार्च १८६५ रोजीं नागासाकी येथील ओउरा या नव्या देवळापाशीं उराकामी गांवचीं कांहीं माणसें भीत भीत आलीं. त्यांतील एका बाईनें फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितलें कीं, आम्हां सर्वांचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. अडीचशें वर्षांचा मुका विश्वास त्या क्षणीं बोलला. तें देऊळ कोणाच्या नांवें अर्पण केलेलें होतें? त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या, ज्यांत आपले गोन्सालो आहेत! यानंतरही उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस हद्दपारी भोगावी लागली आणि त्यांपैकीं सहाशेंहून अधिक मृत्यु पावले; १८७३ सालीं बंदीचे फलक उतरले.

या उज्ज्वल इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिक्षक नसल्यामुळें कित्येक ठिकाणीं लॅटिन व पोर्तुगीज शब्दांचे उच्चार पालटत गेले आणि पुढील पिढ्यांस अर्थ लागेना. कांहीं समुदाय तर पुढेंही वेगळेच राहिले. शब्द टिकला, पण अर्थाचा दिवा मंदावला. त्यांस आपण दोष कोणत्या तोंडानें द्यावा? त्यांस शिकविणारा कोणी नव्हता. आपणांस आहे; आणि म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे.

आपलें कर्तव्य

आपल्या उत्तर कोंकणांतही १७३९ सालीं वसई पडल्यावर मोठमोठे मठ ओसाड झाले. त्यांच्या भिंती आजही किल्ल्यांत उभ्या आहेत. पण विश्वास त्या भिंतींत नव्हता, तो घरोघर दिवेलागणीच्या प्रार्थनेंत होता. आज काळ पालटला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सर्व भाविकांस शास्त्राचें वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला. वसईचेच दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' आपल्या हातीं दिलें. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं देवाच्या वचनासाठीं वर्षांतील एक रविवार नेमून दिला. संपूर्ण शास्त्र आतां खिशांतल्या मोबाइलमध्यें मावतें. परंतु जें खिशांत आहे तें हृदयांत आहे असें थोडेंच आहे? आजाऱ्याच्या उशाशीं बसल्यावर, रागानें ओठ थरथरत असतां, किंवा रात्रीं झोंप येत नसतां आपल्या मुखीं काय येतें, ही खरी परीक्षा आहे.

म्हणून या जुबिली वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरानें एक साधा नेम धरावा, अशी आमची नम्र सूचना आहे. रविवारच्या शुभवर्तमानांतील एक वचन निवडावें. आठवडाभर रोझरीनंतर तें सर्वांनीं मिळून म्हणावें. आणि शनिवारीं रात्रीं तें आपण कोठें पाळलें व कोठें मोडलें हें एकमेकांस प्रांजळपणें सांगावें. प्रसंग पाहून औषध निवडण्याची एवाग्रियुसची युक्तिही सोडूं नये. भावाभावांत शेताच्या बांधावरून तंटा असेल, तर लूकच्या बाराव्या अध्यायांतील वतनाच्या वांटणीचा प्रसंग व मूर्ख धनवानाचा दृष्टांत पाठ करावा. मजुराची मजुरी अडकवून ठेवली असेल, तर याकोबाच्या पत्राचा पांचवा अध्याय उघडावा. शेजाऱ्याशीं अबोला असेल, तर राग सूर्यास्तापलीकडे न्यावयाचा नाहीं हा पौलाचा इफिसकरांस केलेला उपदेश संध्याकाळपूर्वींच आठवावा. उद्यांच्या चिंतेनें मन पोखरलें असेल, तर मत्तयाच्या सहाव्या अध्यायांतील पांखरें व फुलें डोळ्यांपुढें आणावीं. आणि मरणपंथास लागलेल्या माणसाजवळ मेंढपाळाचें तेविसावें स्तोत्र म्हणतां येईल एवढी तयारी तर घरांतील प्रत्येकाची असावी.

मुलांस पाठ म्हणावयास लावून वडिलांनीं स्वस्थ बसणें मात्र बरें नव्हे. मूल शब्द आपल्या तोंडून शिकतें आणि त्याचा अर्थ आपल्या वागणुकींत वाचतें. बाप क्षमेचें वचन शिकवील आणि भावाचें तोंड पाहणार नाहीं, तर मुलाच्या ध्यानांत वचन राहणार नाहीं, अबोला राहील.

असो. मठांच्या भिंती पडल्या, मुद्रणालयें थांबलीं, राजाज्ञा आल्या आणि गेल्या. वचन राहिलें, कारण कोणीतरी तें आपल्या मुखीं धरिलें आणि पुढच्याच्या कानीं घातलें. ती साखळी आतां आपल्या हातीं आली आहे. पुढील जुबिलीच्या वेळीं आपलीं नातवंडें या देवळांत जमतील, तेव्हां त्यांच्या जिव्हाग्रीं तेंच वचन असावें आणि त्यांच्या वागणुकींत त्याचें फळ दिसावें, एवढीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना. जिनें सर्व गोष्टी अंतःकरणांत जतन करून त्यांचें मनन केलें, ती धन्य माता या कामीं आपणां सर्वांस साहाय्य करो. आमेन.